अंबाडा आणि पांढरी रेघ

माझ्या चुका मी फार गोड करून सांगतो, असा आमच्या घरातून आरोप आहे. "तुमची चूक ऐकून लोक टाळ्या वाजवतात. ज्याच्या बाबतीत ती झाली तो माणूस पुढं कुठं गेला, हे कुणी विचारतच नाही," असं उज्ज्वला, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणते. तेहतीस वर्षं ती माझे किस्से ऐकते आहे. कुठल्या वाक्यावर मी थांबतो, कुठं चष्मा काढतो, सगळं तिला पाठ आहे. यंदा दिवाळी अंकासाठी काहीतरी हलकंफुलकं लिहायचं ठरलं तेव्हा मी अर्थातच केडगावच्या अंबाड्याचा किस्सा काढला. ती म्हणाली, "लिहा. पण अंबाड्यावर थांबू नका. हमीदाबींचा हातही लिहा."

तेव्हा आधीच सांगून ठेवतो. ही गोष्ट खर्ड्याच्या एका मण्यारणीच्या उजव्या हाताची आहे. बायकांना बांगड्या भरणारा हात. तो वाचतो की जातो, एवढाच तिच्यात प्रश्न आहे. वाटेत माझ्या फजित्या लागतील, त्यांना खुशाल हसा.

मी रेडिओलॉजिस्ट. नगरमधल्या एका दवाखान्याच्या तळघरात माझी उमेदीची वर्षं गेली. वरच्या मजल्यांवर डॉक्टर लोक पेशंटची नाडी बघतात, पाठीवर हात ठेवतात, नातेवाइकांचे नमस्कार घेतात. मी खाली अंधाऱ्या खोलीत पडद्याकडं बघत बसतो. एकदा एका आजोबांनी नातवाला माझी ओळख करून दिली होती, "हे डाक्टर न्हाईत रे, हे फोटूवाले." नातू निराश झाला. मीही झालो, पण म्हणणं बरोबर होतं.

आमच्या भागात पक्षाघात झाला असं कुणी म्हणत नाही. 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. आणि वारंच गेलेलं असल्यामुळं ते घालवायचे उपायही तसेच. मी पारव्याचं रक्त चोळलेले हात पाहिलेत, तेलानं निथळणारे पाय पाहिलेत, आणि अमुक गावच्या अमुक औषधाला दोन दिवस घालवून तिसऱ्या दिवशी माझ्या मशीनवर आलेली माणसं तर इतकी पाहिलीत, की त्यांच्याबद्दल गमतीनं लिहिणं मला अजून जमत नाही. कारण या आजारात सगळा खेळ घड्याळाचा. मेंदूची शीर गाठीनं बंद झाली असेल तर ती गाठ विरघळवणारं इंजेक्शन मिळतं. पण ते पहिल्या साडेचार तासांत द्यायचं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. दुसरी गोम अशी, की शीर बंद न होता फुटलेली असेल, तर तेच इंजेक्शन माणसाला घेऊन जातं. बंद आहे की फुटली, हे बाहेरून कळत नाही. हात दोन्हींत लुळा पडतो, तोंड दोन्हींत वाकडं होतं. म्हणून आधी डोकं माझ्याकडं पाठवतात.

सीटी स्कॅन म्हणजे काकडीचे काप करतात तसे डोक्याचे आडवे काप, सुरी न लावता. हाड पांढरंशुभ्र, पाणी काळं, मेंदू मधला राखाडी. रक्तस्राव असेल तर तो पांढरा डाग असा काही ठळक दिसतो की माझ्या मेव्हण्यालाही दिसेल, आणि त्याला समोरचा माणूस ओळखू येत नाही. खरी परीक्षा शीर बंद झालेल्या माणसाची. पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा मेंदू अगदी साळसूद दिसतो, जणू काही घडलंच नाही. अशा वेळी एखाददुसऱ्यालाच ती शीर स्वतः चुगली करते. साकळलेलं रक्त घट्ट असतं, म्हणून जिथं गाठ अडकली तेवढी शीर राखाडीत पांढरी उठून दिसते. बोटाच्या एका पेराएवढी रेघ, खडूनं सहज ओढल्यासारखी. ठिबकची नळी मध्येच चोंदली की पुढची झाडं सुकायला लागतात, तसं त्या रेघेच्या पुढचं रान सुकायला लागलेलं असतं. ज्यानं ती रेघ वेळेत ओळखली तो शहाणा. मी अनेकदा शहाणा ठरलोय. पण ते किस्से कुणी ऐकत नाही.

ही रेघ कधी एकटी बघायची नसते. दुसऱ्या बाजूच्या शिरेशी ताडून बघायची. हे मी शिकलो ते पाथर्डीकडच्या एका ऊसतोड्यामुळं. फडातच चक्कर येऊन पडला होता, बोलणं अडखळत होतं. मी नवा होतो, मशीन नवं होतं, दोघांनाही चमकायची घाई. पडद्यावर शीर पांढरी दिसली. दुसरीही पांढरी दिसली. मी धावत फोन केला, "दोन्ही शिरा बंद आहेत! दोन्ही!"

वरचे वयस्कर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "दोन्ही शिरा बंद असलेला तुमचा पेशंट माझ्यासमोर बसून चहा मागतोय. साखर जरा जास्त टाका म्हणतोय."

दिवसभर उन्हात, पोटात पाणी नाही, त्यामुळं त्याचं रक्तच घट्ट झालेलं. सगळ्याच शिरा पांढऱ्या. सलाईनच्या दोन बाटल्यांनी माझं निदान विरघळून गेलं.

त्यानंतर मी दोन्ही बाजू ताडून बघायला लागलो आणि स्वतःला उस्ताद समजायला लागलो. तिथं केडगावच्या सरूआत्या आल्या.

सरूआत्यांचं तोंड सकाळी उठल्यापासून एका बाजूला ओढलं गेलं होतं. बरोबर जावई. आमचे टेक्निशियन भाऊसाहेब, म्हणजे मशीन चालवणारा माझा जुना सोबती, त्यांना म्हणाले, "आत्या, अंबाडा तेवढा सोडा. डोकं नीट टेकत नाही."

आत्या ताडकन उठून बसल्या. "जावयापुढं केस मोकळे सोडू? मी काय अंगात आलेली बाई हाय का?"

जावई बाहेर जातो म्हणाला. त्यालाही आत्यांनी अडवलं, "जाऊ नगा. हितं परकी मानसं हायती."

म्हणजे जावई असताना केस सोडायचे नाहीत आणि जावयानं जायचंही नाही. भाऊसाहेबांनी हात टेकले. मशीनमध्ये डोकं ठेवायला एक खोलगट पाळणा असतो. त्यात आत्यांचा नारळाएवढा, जरा डावीकडं बांधलेला अंबाडा बसला आणि त्यावर आत्यांचं डोकं कलतं बसलं. डोकं कललं की काप तिरपे पडतात. एका बाजूचा काप बरोबर शिरेतून जातो, दुसऱ्या बाजूचा तिच्या वरून. एकीकडं छान रेघ दिसते, दुसरीकडं काहीच नाही. आज मशीन पडद्यावरच डोकं सरळ करून देतं. आमचं तेव्हाचं मशीन इतकं शिकलेलं नव्हतं. पण मी शिकलेलो होतो ना! मला दिसली एकच रेघ. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. वरच्या डॉक्टरांना शंका होती, कारण आत्यांचे हातपाय खणखणीत होते. माझ्या खात्रीपुढं त्यांची शंका टिकली नाही. आत्या अॅम्ब्युलन्समधून पुण्याला रवाना.

पुण्यात एका खमक्या नर्सनं जावयाला बाहेर काढून अंबाडा सोडला. परत स्कॅन. दोन्ही शिरा सारख्या, मेंदू उत्तम. चेहऱ्याची नस सुजली होती, एवढंच. त्यानं तोंड वाकडं होतं आणि बहुतेकदा आपोआप सरळही होतं. तिथल्या डॉक्टरचा मला फोन आला, "सर, गाठ शिरेत नव्हती, अंबाड्यात होती."

आठ दिवसांनी आत्या आल्या. मी तोंड लपवत होतो. त्या म्हणाल्या, "पुन्याचा दवाखाना बगून आले. फरशी लई चकचकीत हाय."

यावर तुम्ही हसला असाल तर त्यात नवल नाही, सगळे हसतात. मी हा किस्सा डॉक्टरांच्या संमेलनात सांगितला, अंबाड्याचं चित्र काढून. लग्नात सांगितला, सत्काराला सांगितला, एकदा तर दहाव्याला जाताना गाडीत सांगितला. आमच्या विभागात नियम झाला: बाईमाणूस आलं की आमच्या तारामावशी चादरीचा आडोसा धरणार, पुरुष बाहेर, अंबाडा सुटणार, मग स्कॅन. मावशींनी हा नियम कधी मोडला नाही. मोडला तो मीच, तोही न मोडता. तेच आता सांगायचं आहे.

हमीदाबी खर्ड्याच्या. वय पंचावन्नच्या आसपास. खर्ड्यात नि आसपासच्या बाजारांत बांगड्यांची पेटी घेऊन बसायच्या. कुणाचं लग्न ठरलं की नवरीचा चुडा हमीदाबींनीच भरायचा, असा त्या पट्ट्यात प्रघात. बांगडी भरणं ही काय चीज आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. हात आपल्या मांडीवर घ्यायचा, बोटं एकत्र चिमटायची, अंगठ्याच्या बुडाशी असलेलं मांस आपल्या अंगठ्यानं दाबत न्यायचं आणि काचेची बांगडी गोल फिरवत त्या दाबावरून सरकवायची. जोर कमी पडला तर चढत नाही, जास्त झाला तर फुटून हातात घुसते. सगळा हिशेब भरणारीच्या उजव्या अंगठ्यात.

त्या दिवशी सकाळी एका नवरीला त्या चुडा भरत होत्या. चौथी बांगडी पेरांवर आली आणि हमीदाबींचा हात तिथंच सुटला. पोरीला वाटलं, गंमत करतायत. मग त्यांचा शब्द बंद झाला, हात तीन-चार वेळा झटकला गेला. कुणी म्हणालं फिट आली, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. एका जाणत्यानं लकव्याच्या औषधाच्या गावाला न्यायला सांगितलं. हमीदाबींची सून शबाना त्याच वेळी भावाला फोन करत होती. तिनं तोच फोन पुढं चालू ठेवला आणि जीप मागवली. "औषधाला नंतर जाऊ. आधी नगर," म्हणाली. दवाखान्यात डॉक्टरांनी कधी झालं विचारलं तेव्हा सगळे 'सकाळी, सकाळी' म्हणत होते. शबानानं मोबाईल पुढं केला. "हा कॉल लावला तवाच अम्मीचा हात सुटला. यात टाईम हाय बघा. दहा वाजून दहा."

इतकी नेमकी वेळ मला आयुष्यात क्वचित मिळाली आहे. म्हणजे दुपारी दोन चाळीसच्या आत इंजेक्शन जायला हवं होतं. त्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा एक वाजत आला होता.

वर डॉ. मेघना गुंजाळ होत्या, मेंदूच्या डॉक्टर. माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान, आणि तेवढ्याच पटीनं कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला फोन केला. "सर, खर्ड्याची बाई पाठवतेय. उजवा हात पडलाय, बोलणं गेलंय. पण सुरुवातीला हात झटकला होता. फिटनंतरचा अशक्तपणा असेल तर तो आपोआप जाईल, उगाच इंजेक्शनचा धोका नको. गाठ असेल तर मिनिटही घालवायचं नाही. डावी शीर तेवढी बघून सांगा. पांढरी असेल तर मी लगेच देते."

उजवा हात मेंदूची डावी बाजू चालवते, म्हणून डावी शीर. इतका सरळ प्रश्न. हो की नाही.

हमीदाबींचं स्ट्रेचर माझ्या दारावरून आत गेलं. डोक्यावर घट्ट पदर, आणि पदराखाली मागं चांगलं नारळाएवढं टेंगूळ. मी ते टेंगूळ पाहिलं. तिथंच माझ्या आतला किस्सेवाला जागा झाला.

पाच मिनिटांत चित्रं आली. रक्तस्राव नाही. आणि डाव्या बाजूला रेघ. पांढरी, लख्ख, पेराएवढी. उजवीकडं नुसती पुसट राखाडी.

मी खुर्चीत मागं रेललो आणि चक्क हसलो. "भाऊसाहेब," म्हटलं, "आली बघा केडगावची आत्या."

भाऊसाहेब पडद्याकडं बघत म्हणाले, "सर, डोकं सरळ वाटतंय मला."

"तुम्हाला वाटतंय. मला दिसतंय. अंबाडा पाहिला नाही का केवढा होता?"

"मी चादरीच्या बाहेर होतो. पण सर..."

"पण काय? एकदा पोळलोय मी."

मी डॉ. गुंजाळना फोन लावला आणि (हे लिहिताना अजून कानशिलं तापतात) त्यांना सरूआत्यांचा किस्सा सांगायला लागलो. जावयासकट.

"सर, ती गोष्ट मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "नक्की अंबाडाच आहे का?"

"शंभर टक्के. केस सोडवून परत काढतो. घाई करू नका. नाहक इंजेक्शन जाईल."

"पेशंट वर आलाय सर. औषध मी वजनाप्रमाणे काढून ठेवलंय."

"असू दे. खाली पाठवा."

आता खाली पाठवा म्हणणं सोपं. लिफ्टमध्ये ऑक्सिजनची सिलिंडरं चालली होती, ती थांबली. मग लिफ्ट आली तेव्हा स्ट्रेचरचं चाक दारात अडलं. मी खाली येरझाऱ्या घालत होतो, आणि खरं सांगतो, काळजीनं नव्हे. संमेलनात आता दुसरं चित्र लावता येईल, असं मनात चाललं होतं. दोन अंबाडे. एक डावीकडं, एक उजवीकडं.

स्ट्रेचर आलं. डोक्याशी तारामावशी, पायाशी शबाना. हमीदाबींचे डोळे उघडे होते. डाव्या हातानं त्या उजवा हात चाचपत होत्या, जशी एखादी वस्तू हरवल्यावर माणूस कनवटीला चाचपतो. तोंडातून एकच शब्द येत होता, "हां... हां..."

"काय झालं परत?" मावशींनी विचारलं.

"केस सोडा आणि पुन्हा घ्या. पहिल्यांदा अंबाड्यावर काढलंय तुम्ही."

तारामावशींनी पेशंटच्या डोक्यावरचा पदर बाजूला केला. खांद्यावरून पुढं घेतलेली सैल वेणी. त्यांनी आपल्या खिशात हात घातला आणि तळहात माझ्यासमोर उघडला. पिना. सात-आठ काळ्या पिना आणि एक तुटका आकडा.

"कुणाचा बुचडा सोडू, डॉक्टर? यांचा मघाशीच सोडला. स्कॅनच्या आधीच. तुमचाच नियम हाय."

मी आत गेलो. पडद्यावरची पहिली चित्रं परत लावली. डोकं कललं आहे की नाही हे बघायला अंबाडा बघावा लागत नाही. दोन्ही कान एकाच कापात दिसतात का, दोन्ही डोळे एकाच कापात येतात का, एवढंच बघायचं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मी हे शिकवतो. दोन सेकंदांचं काम. दोन्ही कान एका कापात होते. दोन्ही डोळे एका कापात. गवंड्यानं ओळंबा लावून ठेवावं इतकं ते डोकं सरळ होतं. मी ते बघितलंच नव्हतं, कारण बघायच्या आधीच मला गोष्ट आठवली होती आणि गोष्ट फार चांगली होती.

"गुंजाळ, रेघ खरी आहे. चूक माझी. द्या."

"देते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या तोवर औषध घेऊन स्वतःच जिन्यानं खाली निघाल्या होत्या. पहिला डोस हमीदाबींना माझ्याच खोलीच्या दारात, स्ट्रेचरवर गेला. भाऊसाहेबांनी सवयीनं वेळ लिहिली. मी पहिल्या स्कॅनची वेळ बघितली आणि वजाबाकी केली. हमीदाबींना वर नेऊन परत आणण्यात, आणि त्याआधी माझा किस्सा सांगण्यात, पंचवीस मिनिटं गेली होती.

पुढचं सगळं आनंदाचं झालं, आणि तीच माझी पंचाईत. इंजेक्शननं भागलं नाही तर पुढच्या उपचाराला न्यायला पुण्याची गाडी सांगून ठेवली होती, ती लागली नाही. रात्रीपर्यंत पाय हलला. दुसऱ्या दिवशी सकाळी हमीदाबी पहिलं सबंध वाक्य बोलल्या, "पेटीला कुलूप लावलं का गं?" शबाना रडायला लागली, नर्स हसायला लागल्या. घरी जाताना त्या आपल्या पायांनी चालत गेल्या. खर्ड्याहून नगरला येऊन मुदतीच्या आत इंजेक्शन मिळालेली बाई म्हणून दवाखान्यात पेढे वाटले गेले. मलाही दोन मिळाले. मी खाल्ले.

उजवा हातही आला. फक्त अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जरा मागं राहिलं. भाकर मोडता यायची, बटण लागायचं नाही.

मी डॉ. गुंजाळना विचारलं, "त्या पंचवीस मिनिटांनी अंगठा गेला का?"

"सांगता येत नाही, सर. कुणालाच सांगता येणार नाही. पहिल्या मिनिटाला दिलं असतं तरी गेला असता, कदाचित."

हा 'कदाचित' मी बरीच वर्षं वापरला. लोकांना गोष्ट सांगताना मी मोबाईलमधली वेळ सांगायचो, शबानाची जिद्द सांगायचो, कुलपाचं वाक्य सांगायचो. तारामावशींच्या पिनाही सांगायचो, त्यावर चांगला हशा येतो. अंगठा सांगायचो नाही. एकदा जेवताना उज्ज्वलानं विचारलं, "मग आता बांगड्या कोण भरतं?" मला माहीत नव्हतं. "गोष्ट तुमची आणि तुम्हालाच माहीत नाही?" ती म्हणाली.

मागच्या वर्षी जामखेडला उज्ज्वलाच्या मावसबहिणीकडं कार्य होतं. परतायच्या दिवशी तिनं ड्रायव्हरला सांगितलं, "आधी खर्ड्याला घ्या." मला विचारलंही नाही.

हमीदाबींचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. आता पेटी नव्हती, पत्र्याचं छोटं दुकान होतं. पुढं शबाना एका बाईचा हात मांडीवर घेऊन बांगड्या भरत होती आणि मागं खुर्चीत बसून हमीदाबी तिला टोकत होत्या. "दाबून धर गं. तिचा हात हाय, वाळकी काकडी न्हाई. फिरव, फिरव की." जीभ पूर्ण सुधारली होती, याविषयी शंकेला जागा नव्हती.

शबानानं मला ओळखलं. "अम्मी, नगरचे डॉक्टर. खाली मशीनवर होते ते."

"फोटूवाले? या, या. बसा की. ह्या कोन, वहिनी का?"

चहा आला. गर्दी हटली. मी तयारी करून गेलो होतो, तरी पहिली पाच मिनिटं पाऊसपाण्यावरच घालवली. शेवटी उज्ज्वलानं माझ्याकडं असं बघितलं की मी कप खाली ठेवला.

"हमीदाबी, तुम्हाला एक सांगायचंय. तुमच्या डोक्यातली गाठ मला पहिल्याच फोटोत दिसली होती. मी ती खोटी समजलो. परत फोटो काढायला तुम्हाला खाली आणलं, त्यात वेळ गेला. इंजेक्शन आधी मिळालं असतं."

त्या माझ्याकडं बघत होत्या. बांगड्या लावून ठेवता ठेवता शबानाचा हात थांबला.

"किती येळ?"

"पंचवीस मिनिटं."

"आनि ते आदी मिळालं असतं, तर ह्यो अंगठा ऱ्हायला असता?"

"सांगता येत नाही. राहिला असता, कदाचित."

हमीदाबींनी उजवा हात वर धरून अंगठा वाकवून बघितला. अर्ध्यात थांबला. "पंचवीस मिन्टात," त्या म्हणाल्या, "मी नवरीचे दोनी हात भरायची. तिच्या आईचे भरायची. वर च्या पिऊन मोकळी व्हायची."

मी रिकामा कप उगाच परत उचलला.

"वहिनी, फुडं या," हमीदाबी खुर्चीतून उठून खाली सतरंजीवर बसल्या. "हात द्या. हिरव्या चालतीन? डॉक्टर, तुमी तितंच बसा. मोबाईल खिशात घाला."

"अम्मी, मी भरते ना," शबाना पुढं झाली. तिच्या हातावर एक चापट बसली.

उज्ज्वलाचा हात त्यांनी मांडीवर घेतला. तिची बोटं चिमटली, तिच्या अंगठ्याच्या बुडाशी आपला अंगठा टेकवला. तो दाबेना. त्यांनी आपला हात उलटा केला, अंगठ्याऐवजी तळव्याची कड लावली आणि बांगडी फिरवायला लागल्या. पेरांपाशी अडली. परत मागं घेतली. परत फिरवली. तिसऱ्या वेळेला बांगडी कट्कन फुटली आणि उज्ज्वलाच्या हातावर रक्ताचा बारीक थेंब आला. तिनं हात मागं घेतला नाही. हमीदाबींनी तुकडे डब्यात टाकले, पदरानं थेंब टिपला, दुसरी घेतली.

पहिली चढली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. मग दुसरी. मधे एक बाई दुकानात डोकावली, शबानानं तिला खुणेनंच थांबवलं. मी बसलो होतो. मला एकही किस्सा आठवत नव्हता. मांडीला रग लागली म्हणून जरा सरकलो तर हमीदाबींनी वर बघितलं. मी पुन्हा होतो तसा बसलो. चौथी. पाचवी. एक आणखी फुटली. सहावी चढल्यावर त्यांनी उजवा हात झटकला, बोटं डाव्या हातानं चोळली आणि उज्ज्वलाचा दुसरा हात ओढून घेतला.

त्या हातात चार बांगड्या गेल्यावर त्यांनी मान वर न करता विचारलं, "डॉक्टर, किती मिन्टं झाली?"

मी घड्याळ बघितलं. "बावीस."

"मग हलू नगा," हमीदाबी म्हणाल्या आणि पुढची बांगडी उचलली.